जंगलातला स्लॅशरपट आणि हिशेबात न धरलेला खर्च

शहरापासून लांब असलेले जंगल, त्यात एखादी जुनी लाकडी केबिन, सुट्टीसाठी आलेले पाच-सहा तरुण आणि झाडांआडून त्यांच्यावर नजर ठेवणारा मुखवटाधारी खुनी, एवढ्या सामग्रीवर गेली चार दशकांहून अधिक काळ स्लॅशरपट, म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याचे भयपट, निघत आले आहेत आणि पुढेही निघत राहतील. समीक्षकांनी या प्रकाराला क्वचितच मान दिला. मला मात्र तो चित्रपटकलेतला महत्त्वाचा प्रकार वाटतो, कारण ज्यांच्याकडे ना ओळखी होत्या ना भांडवल, अशा कितीतरी लोकांना पहिला चित्रपट पूर्ण करून प्रेक्षकांपर्यंत नेण्याची वाट याच प्रकाराने मोकळी करून दिली. ती वाट मोकळी राहावी असे ज्यांना वाटते, त्यांनीच आज एका अवघड प्रश्नाला सामोरे जायला हवे. हे चित्रपट स्वस्तात होतात ते नेमके कशामुळे? काही बचत कल्पकतेतून होते आणि तिचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. पण काही बचत युनिटमधल्या माणसांच्या झोपेतून, सुरक्षिततेतून आणि न्याय्य वाट्यातून कापून घेतलेली असते. या दोन्ही बचती आज एकाच सुरात, एकाच अभिमानाने सांगितल्या जातात, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. पहिल्या प्रकारची बचत या चित्रपटांच्या रचनेतच इतकी मुबलक आहे की दुसऱ्या प्रकारच्या बचतीला कोणतेही सबळ कारण उरत नाही. आणि ती थांबवायची असेल तर जबाबदारी केवळ जंगलात चित्रीकरण करणाऱ्या निर्मात्यावर टाकून भागणार नाही. ती पुढे तो चित्रपट विकत घेणाऱ्या वितरकावर आणि स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्मवर टाकावी लागेल.

आधी कल्पक बचतीबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझा सगळा युक्तिवाद तिच्यावरच उभा आहे. १९७८ च्या ‘हॅलोविन’मध्ये जंगल नाही, पण स्लॅशरपटाचे अर्थशास्त्र त्यानेच घालून दिले. सुमारे सव्वातीन लाख डॉलरांत झालेल्या त्या चित्रपटातला खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानात दोन डॉलरांहून कमी किमतीला मिळालेला, एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या नायकाच्या चेहऱ्याचा तयार मुखवटा होता. त्याला पांढरा रंग देऊन डोळ्यांची भोके मोठी केली आणि भयपटांच्या इतिहासातला एक अजरामर चेहरा तयार झाला. चित्रीकरण वसंत ऋतूत झाले आणि कथा शरद ऋतूतली होती, म्हणून पाने रंगवून रस्त्यावर पसरायची आणि दृश्य झाले की पुन्हा गोळा करून ठेवायची, असा उद्योग युनिटने केला. यात कोणाचेही काही गेले नाही, आणि पडद्यावर त्याची किंमत अनेक पटींनी वसूल झाली.

जंगल तर याहूनही उदार आहे. १९८० च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चे चित्रीकरण न्यू जर्सीतल्या स्काउट मुलांच्या खऱ्याखुऱ्या छावणीत झाले. तळे, केबिन, होड्या, धनुर्विद्येचे मैदान हे सगळे तिथे आयतेच उभे होते. साडेपाच लाख डॉलरांच्या आसपास खर्च झालेल्या या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत सुमारे चार कोटी डॉलरांचा गल्ला जमवला. खुनी शेवटच्या भागापर्यंत धड दिसतच नाही. दिसतात ते हात आणि पाय, बाकी वेळ कॅमेराच त्याचे डोळे होतो. प्रेक्षकाला खुन्याच्या नजरेत बसवणारी ही युक्ती सौंदर्यदृष्ट्या जितकी अस्वस्थ करणारी आहे तितकीच ती काटकसरीची आहे, कारण बहुतेक चित्रीकरणात खलनायकाची भूमिका करणाऱ्या नटाची गरजच पडत नाही. टेनेसीतल्या एका ओसाड केबिनमध्ये १९७९-८० च्या हिवाळ्यात चित्रित झालेला ‘द ईव्हिल डेड’ काटेकोर अर्थाने स्लॅशरपट नाही, तरी तो याच कुळातला आहे. महागडी यंत्रणा परवडत नव्हती म्हणून कॅमेरा लाकडी फळीवर बसवला गेला, दोन माणसांनी फळीची दोन टोके धरली आणि ते झाडांमधून धावत सुटले. त्या धावण्यातून पडद्यावर जी अदृश्य शक्ती अवतरली, ती पुढे कितीतरी श्रीमंत चित्रपटांनी उचलली.

अंधाराचेही तसेच आहे. मोठ्या शहराचा देखावा उभा करायचा तर शेकडो माणसे, वाहने आणि दुकाने दाखवावी लागतात. जंगलात मात्र पंधरा फुटांपलीकडे काहीच दाखवावे लागत नाही आणि जे दिसत नाही त्याचीच भीती सर्वांत जास्त वाटते. फांदी मोडल्याचा आवाज संकलनाच्या खोलीत फुकट मिळतो. २०२४ मध्ये आलेल्या ‘इन अ व्हायोलंट नेचर’ या कॅनेडियन स्लॅशरपटाने तर पार्श्वसंगीतच वगळले. कॅमेरा खुन्याच्या पाठीमागून जंगलभर चालत राहतो आणि पालापाचोळ्यावर पडणाऱ्या पावलांचा आवाज हेच त्याचे संगीत होते. २०२३ चा ‘विनी द पू: ब्लड अँड हनी’ इंग्लंडमधल्या ॲशडाउनच्या जंगलात अवघ्या दहा दिवसांत, एक लाख डॉलरांहून कमी खर्चात पूर्ण झाला आणि त्याने त्याच्या कितीतरी पट कमाई केली. तो चित्रपट मला आवडला नाही, पण इथे तो मुद्दा नाही. सांगायचे ते एवढेच, की एकच स्थळ, मोजकी आणि अनोळखी पात्रे, मुखवटा, अंधार आणि आवाज या पाच गोष्टी मिळून जी बचत करून देतात ती दुसऱ्या कोणत्याही चित्रप्रकाराच्या नशिबात नाही.

आता दुसऱ्या बचतीकडे वळू. तिचे वर्णन जाहिरातीत येत नाही, आले तरी गमतीदार आठवण म्हणून येते. जंगलातल्या रात्रीच्या चित्रीकरणात प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. पडद्यावरचे रक्त बहुधा मक्याच्या पाकात खाण्याचा रंग मिसळून केलेले असते. ते चिकट असते, कीटकांना ओढून घेते, आणि ते अंगावर ओतल्यावर कपडे ओले होतात. पुढच्या दृश्यात तीच पात्रे त्याच अवस्थेत दिसायला हवीत, म्हणून अभिनेत्रीला ते ओले कपडे तासन्‌तास अंगावर वागवावे लागतात. रात्री दोनच्या सुमारास तापमान खाली येते. शरीराचे अंतर्गत तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि ओले कपडे, वारा व थकवा एकत्र आले तर त्यासाठी बर्फ पडावे लागत नाही. नायिका अनवाणी पळताना दाखवायची असते, म्हणजे मुळे, दगड आणि खड्डे असलेल्या जमिनीवर अपुऱ्या प्रकाशात पुन्हा पुन्हा पळणे आले. जनरेटरच्या केबल ओल्या मातीतून जातात. बंद केबिनमध्ये धूर सोडला जातो. सुऱ्या आणि कुऱ्हाडी बोथट किंवा रबरी असायला हव्यात, पण जवळून घेतलेल्या दृश्यात पाते खरे दिसावे म्हणून कोणीतरी खरे पाते आणतो आणि दृश्य बदलल्यावर ते बाजूला काढायचे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले नसते. मोबाइलला नेटवर्क नसते. सर्वांत जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे युनिटमधल्या एकाही माणसाला सांगता येत नाही.

या सगळ्या धोक्यांवर ज्ञात उपाय आहेत आणि त्यांतले बहुतेक स्वस्त आहेत. रक्ताच्या दृश्याखाली घालायचा पाणीरोधक आतला पोशाख, दोन टेकच्या मध्ये कोरडी ब्लँकेट आणि गरम तंबू, त्वचेच्या रंगाचे तळवे असलेले बूट, पळण्याच्या वाटेवरून दिवसाउजेडी फिरून केलेली साफसफाई, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला आणि दुसरे कोणतेही काम न देता ठेवलेला एक माणूस, उपग्रह फोन, आणि रुग्णालयाचा रस्ता छापून प्रत्येकाच्या हातात दिलेला कागद. हे सारे लाखभर डॉलरांच्या चित्रपटालाही परवडते. ते केले जात नाही कारण ते पडद्यावर दिसत नाही. कॅमेऱ्याची चांगली लेन्स भाड्याने घेतली तर तिचा परिणाम प्रत्येक चौकटीत दिसतो. प्रथमोपचारकाचा परिणाम मात्र तो नसताना कोणाला इजा झाली तरच जाणवतो.

‘दुसरे कोणतेही काम न देता’ हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरले आहेत. छोट्या चित्रपटात एकाच माणसाने दोन-तीन जबाबदाऱ्या सांभाळणे अभिमानाचे मानले जाते आणि अनेक बाबतींत ते योग्यही आहे. दिग्दर्शकाने संकलन केले तर कोणाचे बिघडत नाही. सुरक्षिततेचे काम मात्र याला अपवाद आहे. ‘रस्ट’ या वेस्टर्न चित्रपटाच्या न्यू मेक्सिकोतल्या सेटवर २१ ऑक्टोबर २०२१ रोजी बंदुकीतून खरी गोळी सुटून सिनेमॅटोग्राफर हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. त्या सेटवर शस्त्रांची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे इतर साहित्य सांभाळण्याचेही काम दिलेले होते. पुढे न्यायालयाने त्या व्यक्तीला दोषी ठरवले, तरी दोन कामे एका व्यक्तीवर टाकण्याचा निर्णय तिने स्वतः घेतलेला नव्हता. त्याच दिवशी सकाळी कॅमेरा विभागातले काही तंत्रज्ञ काम सोडून निघून गेले होते. कामाचे तास, सुरक्षितता आणि सेटपासून लांब दिलेला मुक्काम या त्यांच्या तक्रारी होत्या. तो स्लॅशरपट नव्हता आणि त्याचे बजेट आपल्या विषयातल्या चित्रपटांहून बरेच मोठे होते. पण घाई, अंतर आणि दुहेरी जबाबदारी हे जे त्रिकूट तिथे एकत्र आले, ते जंगलातल्या छोट्या चित्रपटात पहिल्या दिवसापासूनच हजर असते.

मुक्कामाच्या अंतराची तक्रार वरवर किरकोळ वाटते. ती सर्वांत गंभीर आहे असे माझे मत आहे. दुर्गम जंगलात चित्रीकरण ठेवले की जवळपास राहण्याची सोय महाग पडते किंवा मिळतच नाही, म्हणून युनिटला तास-दीड तासावरच्या गावात ठेवले जाते. रात्रभर काम करून पहाटे माणसे स्वतः गाडी चालवत परत जातात. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे झोपेवरच्या संशोधनात आढळले आहे. अनेक देशांत एवढे मद्य प्यायलेल्या माणसाला कायद्याने गाडी चालवू दिली जात नाही. १९९७ मध्ये हॉलिवूडच्या एका मोठ्या चित्रपटावर १९ तास काम करून घरी निघालेला कॅमेरा सहायक गाडी चालवताना झोपी गेला आणि अपघातात मरण पावला. त्यानंतर दिवसाला १४ तासांची मर्यादा घालावी म्हणून तिथल्या तंत्रज्ञांनी मोठी सह्यांची मोहीम चालवली. तरीही दोन पाळ्यांमध्ये किमान दहा तासांच्या विश्रांतीची तरतूद अमेरिकन तंत्रज्ञांच्या संघटनेला २०२१ मध्ये संपाचा इशारा देऊन व्यापक करून घ्यावी लागली. ज्या उद्योगात संघटना बलवान आहेत आणि निर्माते श्रीमंत आहेत तिथे ही स्थिती असेल, तर जिथे संघटनाच नाही आणि निर्माता स्वतःच्या क्रेडिट कार्डावर चित्रपट काढतो आहे, तिथे झोपेचा हिशेब कोण ठेवणार?

या ठिकाणी चाहत्यांकडून एक आक्षेप येतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. त्यांचे म्हणणे असे की हालअपेष्टांमधूनच या चित्रपटांना त्यांची धार आली. १९७४ चा ‘द टेक्सस चेन सॉ मॅसेकर’ हे त्यांचे आवडते उदाहरण आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात टेक्ससच्या भयंकर उकाड्यात त्याचे चित्रीकरण झाले. जेवणाच्या टेबलाचे प्रसिद्ध दृश्य खिडक्या झाकून, दिव्यांच्या उष्णतेत, सडलेल्या मांसाच्या आणि हाडांच्या दुर्गंधीत, सलग चोवीस तासांहून अधिक काळ चित्रित होत राहिले. नकली रक्त सोडणारी नळी अडली म्हणून नायिकेचे बोट खरोखरच कापले गेले. पडद्यावर दिसणारी तिची दमछाक आणि भीती खरी आहे, त्यामुळेच ते दृश्य विसरता येत नाही, असे सांगितले जाते.

ती दमछाक पडद्यावर उमटली आहे, हे मी मान्य करतो. पण त्या चित्रपटाचे सामर्थ्य तिच्यात आहे, हे मला मान्य नाही. दिग्दर्शकाला सौम्य प्रमाणपत्राची आशा होती म्हणून त्याने रक्त अतिशय कमी दाखवले, आणि तरी तो पाहिलेला प्रेक्षक आपण भयंकर रक्तपात पाहिला असे शपथेवर सांगतो. हा परिणाम संकलनाचा, ध्वनीचा आणि कॅमेऱ्याच्या कोनांचा आहे. डोळ्यांच्या अगदी जवळ जाऊन घेतलेली ती एकामागून एक दृश्ये कोणीतरी विचारपूर्वक जुळवलेली आहेत. नायिकेचे बोट कापल्याने त्यात काय भर पडली, हे कोणत्याही प्रेक्षकाला चित्रपट पाहून सांगता येणार नाही. ते कळते नंतरच्या मुलाखतींमधून. हालांची दंतकथा चित्रपटाच्या प्रसिद्धीचा भाग बनते, आणि पुढच्या पिढीचा तरुण दिग्दर्शक ती दंतकथा वाचून समजतो की चांगला भयपट असाच काढायचा असतो. मला त्या दंतकथेची खरी भीती वाटते, कारण ती क्रूरतेला कलेची अट ठरवते. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्ये केबिनमध्ये शिरलेल्या सापाला मारण्याचे दृश्य आहे. तो साप खरा होता आणि खरोखर मारला गेला. ज्या चित्रपटाने खोट्या मरणांच्या कारागिरीत नवे मानदंड घालून दिले, त्यातले ते एकच मरण खरे आहे, आणि कथेला त्याची काडीचीही गरज नव्हती.

अभिनेत्रींच्या बाबतीत ही दंतकथा आणखी घातक होते. या प्रकारात काम करणाऱ्या बहुतेक मुली नवख्या असतात, काम मिळाल्याचा आनंद ताजा असतो आणि आपण घरापासून, परिचितांपासून दूर अशा जागी आहोत जिथून रात्री एकटीने निघून जाणे शक्य नाही, हे त्यांना आणि दिग्दर्शकाला दोघांनाही ठाऊक असते. अशा वेळी सेटवर ऐनवेळी नग्नतेची किंवा हिंसेची मागणी वाढवली गेली तर दिलेल्या होकाराला फारसा अर्थ उरत नाही. काय दाखवले जाईल आणि काय नाही, हे जंगलात जाण्यापूर्वी लेखी ठरले पाहिजे आणि तिथे गेल्यावर त्यात भर घालता येऊ नये. यावर वेगळा वाद घालण्याची गरज मला दिसत नाही.

नफ्याच्या वाट्याचा प्रश्न मात्र गुंतागुंतीचा आहे. कमी बजेटच्या चित्रपटात कलावंत आणि तंत्रज्ञ अल्प मानधनावर, कधी कधी फुकट काम करतात आणि त्या बदल्यात चित्रपट चालला तर वाटा मिळेल असे आश्वासन त्यांना दिले जाते. तत्त्वतः ही व्यवस्था मला न्याय्य वाटते. ज्याने जोखीम घेतली त्याला फळ मिळावे, आणि श्रम देणारा माणूसही भांडवल देणाऱ्याइतकीच जोखीम घेतो. घोटाळा होतो तो कागदावर. टेक्ससच्या त्याच चित्रपटात अनेकांना मानधनाच्या काही भागाऐवजी निर्मात्यांच्या कंपनीतले टक्के दिले गेले. पण त्या कंपनीकडे चित्रपटाची निम्मीच मालकी होती, हे त्यांना सांगितले गेले नाही, म्हणजे हातातल्या प्रत्येक टक्क्याची किंमत मुळातच अर्धी होती. त्यानंतर वितरकाने हिशेब देताना हात आखडता घेतला. अमेरिकेत तीन कोटी डॉलरांहून अधिक कमाई केलेल्या चित्रपटातून त्यात राबलेल्या माणसांच्या हाती नगण्य रक्कम पडली.

पंचवीस वर्षांनी हेच दुसऱ्या रूपात घडले. जंगलात बेपत्ता झालेल्या तिघांनी मागे ठेवलेले चित्रण म्हणून मांडलेला ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हाही स्लॅशरपट नव्हे, पण दुर्गम जंगलातल्या स्वस्त भयपटांचा सारा इतिहास त्याच्यापाशी येऊन वळण घेतो. ऑक्टोबर १९९७ मध्ये मेरीलँडच्या जंगलात तीन कलावंत आठ दिवस राहिले. कॅमेरे त्यांनीच चालवले, बहुतेक संवाद त्यांनीच जागच्या जागी रचले, आणि त्यांची चिडचिड खरी दिसावी म्हणून त्यांना मिळणारे अन्न दिवसेंदिवस कमी केले गेले. म्हणजे अभिनय, छायाचित्रण आणि लेखनाचा मोठा भाग या तिन्ही गोष्टी त्यांच्या होत्या. जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात तो चित्रपट सुमारे ११ लाख डॉलरांना विकला गेला आणि जगभरात त्याने २४ कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. पात्रांना कलावंतांची खरी नावे दिलेली होती आणि ते खरोखर बेपत्ता झाले आहेत असा प्रचार केला गेला. एका अभिनेत्रीच्या आईला सांत्वनाची पत्रे आली. त्या काळात हे कलावंत समोर येऊन आपल्या कामाचे श्रेय घेऊ शकत नव्हते, कारण ते जिवंत आहेत हे कळणे प्रचाराला मारक होते. २०२४ मध्ये, म्हणजे पाव शतक उलटल्यावर, हक्क आता ज्या कंपनीकडे आहेत तिला त्या तिघांनी जाहीर पत्र लिहून उत्पन्नातला वाटा मागितला.

करारावर सही त्यांनीच केली होती, मग आता तक्रार कशाला, असे विचारले जाते. करार पाळला गेलाच पाहिजे, हे खरे. पण ज्या चित्रपटाची कमाई खर्चाच्या शेकडो पटींनी होऊ शकते, त्याच्या करारात त्या शक्यतेची तरतूद नसणे हा कराराचा दोष आहे, आणि तो दुरुस्त करण्याचे साधन प्रकाशन व्यवसायाला जुन्या काळापासून माहीत आहे. पुस्तकाची विक्री ठरावीक प्रतींच्या पुढे गेली की लेखकाच्या मानधनाची टक्केवारी वाढते. तशीच पायरी चित्रपटालाही लावता येते. विक्रीची रक्कम बजेटच्या पाचपट झाली की सर्वांचे थकलेले मानधन पूर्ण द्यावे आणि त्यापुढच्या प्रत्येक टप्प्यावर ठरलेला हिस्सा एका सामाईक निधीत जावा, एवढी तरतूद दोन पानांत मावते. चित्रपट चालला नाही तर निर्मात्यावर एका पैशाचाही बोजा पडत नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. नियम वाढले तर छोटे चित्रपट मरतील आणि मैदान पुन्हा श्रीमंतांना मोकळे होईल, ही भीती अनेक प्रामाणिक चित्रपटकर्मींना वाटते. मला ती खोटी वाटत नाही. परवाने, शुल्क, तपासण्या आणि शिक्के यांचे ओझे नेहमी लहान माणसावर जास्त पडते, मोठी कंपनी त्यासाठी एक विभागच नेमते. शिवाय जंगलात रात्री तीन वाजता सरकारी निरीक्षक येणार नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून नवे परवाने हा माझा आग्रह नाही. अमेरिकेतल्या अभिनेत्यांच्या संघटनेने तीन लाख डॉलरांपर्यंतच्या चित्रपटांसाठी स्वतंत्र करार ठेवला आहे. त्यात मानधनाचे दर खाली आणले आहेत, पण संघटनेचे मूलभूत संरक्षण काढून घेतलेले नाही. पैशात सूट आणि सुरक्षिततेत सूट या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, याचा हा चालू पुरावा आहे.

पण सगळेच चित्रपट संघटनेच्या कक्षेत येत नाहीत, आणि इथे खरेदीदाराचा मुद्दा पुढे येतो. वितरक किंवा प्लॅटफॉर्म एखादा छोटा चित्रपट विकत घेतो तेव्हा तो कागदपत्रांची लांबलचक यादी मागतो. पटकथेची मालकी कोणाची, प्रत्येक कलावंताने प्रतिमेच्या वापराला संमती दिली आहे का, पार्श्वभूमीला दोन सेकंद वाजणाऱ्या गाण्याचे हक्क घेतले आहेत का, भिंतीवर दिसणाऱ्या चित्राची परवानगी आहे का, आणि उद्या कोणी दावा लावला तर विमा आहे का. यातला एक कागद कमी असला तरी सौदा अडतो. हे नियम कोणत्याही सरकारने जंगलात जाऊन राबवलेले नाहीत. खरेदीदाराला धोका नको आहे, म्हणून निर्माता पहिल्या दिवसापासून ते कागद जपतो. विशीतला नवखा दिग्दर्शकही गाण्याच्या हक्कांबद्दल कमालीचा जागरूक असतो, कारण त्या हक्कांवाचून चित्रपट विकला जाणार नाही हे त्याने ऐकलेले असते.

त्याच यादीत तीन कागद वाढवावेत. रोजच्या कामाच्या तासांची नोंद, ज्यात प्रत्येक विभागप्रमुखाची सही आणि दोन पाळ्यांमधली विश्रांती दिसेल. चित्रीकरणापूर्वी केलेला सुरक्षिततेचा आराखडा, ज्यात प्रथमोपचारकाचे नाव, रुग्णालयाचे अंतर, खऱ्या हत्यारांची यादी आणि रात्रीनंतरच्या परतीच्या प्रवासाची सोय नोंदवलेली असेल. आणि थकलेल्या मानधनाचा व वाट्याचा करार, ज्यात निर्मात्याच्या कंपनीकडे चित्रपटाची नेमकी किती मालकी आहे हे लिहिलेले असेल. हे तिन्ही कागद तयार करायला पैसे जवळजवळ लागत नाहीत. त्यांत लिहिलेले पाळायला थोडे लागतात, आणि तेवढी रक्कम या चित्रप्रकाराच्या रचनेतून वाचते, हे वर दाखवून झाले आहे. आठ तासांची झोप द्यायची तर चित्रीकरणाचा एखादा दिवस वाढेल किंवा पटकथेतले एखादे मरण कमी करावे लागेल. सात खून असलेला स्लॅशरपट सहा खुनांनीही तेवढाच भीतिदायक होऊ शकतो.

कागद खोटे भरले जातील, ही शंका रास्त आहे. काही भरले जातीलच. पण आज नोंदच नसल्यामुळे जखमी झालेल्या माणसाकडे दाखवायला काहीच नसते. उद्या खोट्या नोंदीवर सही करणाऱ्याला ती सही नाकारता येणार नाही, आणि चित्रपट विकत घेणाऱ्या कंपनीलाही आपल्याला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रेल्वेच्या पुलावर परवानगीविना केलेल्या चित्रीकरणात रेल्वेगाडीच्या अपघातात एका तरुण कॅमेरा सहायकाचा जीव गेला. तिथे रेल्वे कंपनीने परवानगी नाकारल्याचे लेखी पुरावे होते आणि दिग्दर्शकाला गुन्हा कबूल करून तुरुंगात जावे लागले. अमेरिकेत सेटवरच्या मृत्यूबद्दल असे क्वचितच घडले आहे.

या बदलाची सुरुवात मोठ्या प्लॅटफॉर्मने करावी म्हणून वाट पाहण्याचेही कारण नाही. जंगलातल्या स्लॅशरपटाचा पहिला प्रेक्षक बहुधा भयपट महोत्सवात बसलेला असतो आणि खरेदीदार तिथेच चित्रपट पाहतात. महोत्सवांच्या प्रवेश-अर्जात चित्रपटाची लांबी, चित्रीकरणाचे तंत्र आणि प्रदर्शनाचे स्वरूप विचारलेले असते. त्याच अर्जात कामाचे तास, सुरक्षिततेचा आराखडा आणि वाट्याचा करार यांची मागणी पुढच्या प्रवेशफेरीपासून करता येईल, आणि निवड झालेल्या चित्रपटांची ही माहिती महोत्सवाच्या पुस्तिकेत बजेटच्या आकड्याशेजारी छापता येईल.